केराबाईच्या लेकीचे दगड

४ जानेवारी १९७३

प्रात्यक्षिकाच्या जागा आज लागल्या. सात रस्त्यापासून घरापर्यंत चालत आले. टांग्यात बसले असते तर रडले असते, आणि टांगेवाला आप्पांच्या ओळखीचा. वर्गातल्या बाकीच्या मुलींना सोलापुरातली बालवाडी, मुलींचं वसतिगृह, दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड. मला मात्र मंगळवेढ्याच्या वाटेवरचा माळ! तिथं दुष्काळी काम चालू आहे. खडी फोडणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर काढलंय, ते मी चालवायचं. पाळणाघर म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री.

आमच्या प्रमुख येमूलबाई विणकराच्या घरातून शिकून वर आलेल्या. बोलायला लागल्या की मागावरच्या धोट्यासारख्या, मध्ये थांबणं नाही. म्हणाल्या, "दाक्षायणी, तुझं तोंड चालतं म्हणून तुला पाठवते. तिथं पुस्तक चालणार नाही." ही स्तुती की काय, सिद्धेश्वरालाच ठाऊक.

महिनाअखेर निदान पंधरा मुलं टिकली पाहिजेत. नाहीतर ओव्हरसीअर ताडपत्री काढून सिमेंटच्या पोत्यांवर घालणार, आणि बालसंगोपनाच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष वाया. वर्ष वाया गेलं की आप्पा मला विजापूरच्या पेंडवाल्याच्या मुलाला देऊन मोकळे होणार. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय.

जेवताना त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "पोरं सांभाळायची डिग्री काढलेत! उद्या भाकरी थापायची काढतील. तुझी आजी नऊ पोरं काढली की, कुठली डिग्री होती तिला?"

मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, "नऊ काढली, पण वाढली किती? तुम्ही आणि काका, दोघंच."

आप्पा ताटात अर्धी भाकरी ठेवून उठले. अन्न टाकलेलं त्यांना खपत नाही, म्हणजे आमटी नक्की खारट झाली होती.

९ जानेवारी

सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं. अंगावर इतकी धूळ बसते की आई म्हणाली, तुला झाडूनच घरात घेते.

मदतीला मायाक्का म्हणून एक म्हातारी आहे. तिच्यानं आता खडी फुटत नाही, म्हणून मुकादमानं तिला पाळणाघरात लावलं. बहुतेक बाया मंगळवेढा-सांगोल्याकडच्या धनगरांच्या. मेंढरं काही मेली, काही मातीमोलानं विकली, आणि ही माणसं हातोडा घेऊन इथं बसली. पोरांना रोज सुकडी मिळते. गहू, शेंगदाणे, गूळ भाजून केलेलं हे पीठ. ते मी संध्याकाळी आयांच्या पदरात घालते. सुकडीच्या ओढीनं पाळणाघर भरलं! अठरा पोरं आली. मला वाटलं, हे तर हातचा मळ.

एक पोरगी मात्र मनातून जात नाही. केराबाईची. दहा-अकरा महिन्यांची असेल, पण अजून बसत नाही, रडतसुद्धा नाही. नुसती बघते. पुस्तकातला वयानुसार वजनाचा तक्ता आठवला. पण तक्त्यात घालायला वजन पाहिजे, आणि कॉलेजच्या काट्याची स्प्रिंग तुटलेली.

१२ जानेवारी

आप्पांची धान्याची आडत आहे. यंदा बाजारात माल नाही, आडतीवर माशा. म्हटलं, ती जुनी तागडी द्या, पोरं तोलायची आहेत. आप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आजोबाच्या हातची हाय ती. दोरी धड ठेव. मी मधनंमधनं बघायला येणार." दुकानात मोठा काटा आहे, रोज तोच वापरतात. तरी या तागडीवर केवढा जीव!

१५ जानेवारी

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली आहे, सगळं शहर तिकडे लोटलंय, आणि मी इथं हात दाखवून अवलक्षण करून बसले.

झालं असं. तीन बांबूंचं तिकाटणं उभं करून तागडी टांगली. एका पारड्यात गोधडी घालून त्यावर केराबाईची पोरगी ठेवली, दुसऱ्यात किलोची मापं. दुपारची सुट्टी होती, सगळ्या आया भोवती. पारडं सारखं झालं आणि लहानपणापासून दुकानात ऐकलेलं तोंडातून आपसूक निघालं. पहिल्या मापाला व्यापारी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत ओरडले, "लाभ! पाच किलो!"

आयांमध्ये कुजबूज सुरू झाली. मग केराबाई उठली आणि पोरगी पारड्यातून ओढूनच घेतली.

"बाई, आमची प्वार काय इकाया काढली व्हय? बकरं कापल्यावर तागडीत जातंय. जित्या लेकराला कोन घालतंय? आन वरनं आकडा वरडताय, साऱ्या माळाची नजर लागंल की!"

मी म्हणत राहिले, अहो बाई, हे शास्त्र आहे. शास्त्र कोण ऐकतंय! एकेक करून सगळ्या आपापलं पोर काखेला मारून गेल्या.

१६ जानेवारी

एकही पोर नाही. मायाक्का आणि मी समोरासमोर बसून होतो. खडीच्या ढिगांवर भर उन्हात पोरं झोपवलेली दिसत होती, तोंडावर फडकी टाकून. मायाक्का म्हणाली, "लाभ म्हनायचं न्हवतं, पोरी." मी म्हटलं, "कळलं."

आणि खरंच कळलं. मला ती 'केस' वाटली होती. केराबाईला ती लेक होती.

२० जानेवारी

येमूलबाई येऊन रिकामं पाळणाघर बघून गेल्या. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "दहा दिवस आहेत," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्या आणि पाठोपाठ आप्पा हजर! तागडी बघायला. मी म्हटलं, घेऊन जा तुमची तागडी, तिनंच घात केला. सगळी हकीगत सांगितली. आप्पा हसतील वाटलं होतं, ते हसले नाहीत. ताडपत्रीखाली बसून घाम पुसत राहिले.

तेवढ्यात केराबाई पाण्याला आली. माठ पाळणाघरातच आहे, न येऊन सांगते कुणाला! माझ्याकडे बघितलं नाही. आप्पांनीच विचारलं, "नाव काय गं पोरीचं?"

"नाव कुटलं, मालक. आदीची दोन गेली. हिला दगडी म्हनतो. दगडाला कोन नजर लावतंय?"

"मग आमचीच की ही," आप्पा म्हणाले. "मी धोंडप्पा. माझ्या आधीची चार गेली, मागनं तीन. आई मला नवं अंगडं घालू दिली नाही कधी. धोंडा म्हणून उकिरड्याकडं निजवायची. कोण बघू नये म्हणून."

केराबाई पहिल्यांदा हसली. "आन जगलासा की!"

"जगलो की. बघ, केवढा झालो!" आप्पांनी पोट थोपटून दाखवलं.

मला इतके दिवस वाटत होतं, आप्पांना पणजोबांचं नाव ठेवलंय. परतीच्या एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत होते. मी मात्र एकच घोकत होते, दगडाला नजर लागत नाही. दगडाला नजर लागत नाही. वाटेत एका फाट्यावर एस.टी. बंद पडली तेव्हा अचानक डोक्यात उजेड पडला आणि मी "आप्पा!" म्हणून ओरडले. अर्धी एस.टी. वळून बघायला लागली.

२२ जानेवारी

जमलं! जमलं!

केराबाईच्या ढिगाशी जाऊन खाली बसले. म्हटलं, "बाई, माझं चुकलं. आता मापं नाहीत, आकडा नाही, तोंडातून शब्द काढणार नाही. एका पारड्यात तुझी दगडी. दुसऱ्यात तू स्वतःच्या हातानं फोडलेले दगड, तूच घालायचे. पारडं सारखं झालं की गाठोड्यात बांध. ते तुझ्या लेकीचे दगड. पुढच्या महिन्यात परत तोलू. पोरगी वाढली तर दगड घालावे लागतील. आटली तर काढावे लागतील. मी न सांगता तुला दिसेल."

तिनं हातोडा खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दगडाची बराबरी दगडासंगं. मंग हरकत न्हाय."

पारड्यात दगड टाकताना ती एकेक उचलून झटकून, फुंकर मारून टाकत होती, देवाला फूल वाहावं तसा. शेवटी एक लहानशी कपची घातली आणि पारडं थांबलं. माळावरचे हातोडे बंद पडले होते. सगळ्या बघत होत्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठोडं बांधलं, ओळखू यावं म्हणून वर निळी चिंधी. दुपारपर्यंत माझ्यासमोर रांग!

पोरं घरी गेली की पाळणाघरात ठेवलेली गाठोडी मी किलोनं तोलते आणि कॉलेजसाठी लिहून घेते. दगडाचं वजन दगडालाच सांगते, लेकराचं नाव त्यात नाही. येमूलबाईंना भीत भीत सांगितलं तर म्हणाल्या, "पुस्तकात नाही. पण चुकीचं कुठं आहे?"

३१ जानेवारी

पाळणाघरात मावत नाहीत एवढी पोरं. ओव्हरसीअर दुसरी ताडपत्री देतो म्हणाला. मी नाक वर करून म्हटलं, "दोन द्या."

२३ फेब्रुवारी

आज दुसरं तोलणं. सकाळपासून जत्रा. एकीच्या मुलाला मूठभर खडी जास्त लागली तर ती नाचायची बाकी होती. दुसरी म्हणाली, माझ्याला तुझ्यापेक्षा थोरला दगड लागलाय.

मग केराबाई आली. निळ्या चिंधीचं गाठोडं सोडलं, दगड पारड्यात घातले. पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं. दगडी वर, हवेत. मी काही बोलले नाही, बोलायचं नाही ठरलं होतं. केराबाईनं कपची काढली. पारडं हललं नाही. एक दगड काढला. अजून एक. बाया पुढं सरकल्या. तिसरा दगड हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"ह्यो पन?" एवढंच विचारलं तिनं.

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रात्यक्षिकात रडायचं नसतं, पण कोणाला सांगता!

२४ फेब्रुवारी

सुकडी मी रोज माझ्या हातानं देते. मग जाते कुठं? आज तिच्या पाठोपाठ माळाच्या कडेला धनगरांची पालं आहेत तिथं गेले. आणि बघते तर, पालामागं एक मेंढी, कळपातली उरलेली एकुलती एक, जर्मनच्या पत्र्याच्या झाकणात सुकडी खात उभी! केराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.

माझं डोकंच फिरलं. "तुझी पोरगी मरायला टेकलीय आणि तू मेंढराला घालतेस?"

ती ओरडली नाही. खाली बसून म्हणाली, "बाई, मेंढी गाभन हाय. व्याली की दूद येतंय. दूद आलं की प्वार जगतीया. सुकडी प्वारीला घातली तर आजचा दीस जाईल. मेंढी मेली तर उद्याला काय घालू? तुमचं काम बंद पडंल, सुकडी बंद पडंल. मेंढी आमची हाय."

मी तोंड घेऊन गेले होते, ते तसंच परत घेऊन आले. तिचं गणित चुकलेलं नाही. फक्त तिच्या लेकीजवळ तेवढा वेळ नाही.

२६ फेब्रुवारी

येमूलबाईंना विचारलंसुद्धा नाही. आजपासून सुकडी घरी द्यायची बंद. पाण्यात कालवून, मऊ करून, इथंच भरवायची, दिवसातून चार वेळा, थोडी थोडी. दगडीला मी स्वतः भरवते. पहिले दोन घास थुंकली. तिसरा गिळला! मी मायाक्काला मिठी मारली.

राहिली मेंढी. घरी आप्पांना सांगितलं, तर एकदम भडकले. "मी काय जगाची जनावरं पोसू? आडतीवर उंदीर उपाशी मरायलेत!"

२८ फेब्रुवारी

आप्पा दुपारी तागडी बघायला आले. खांद्यावर पोतं. "मार्केटात झाडलेला माल हाय, तुरीची चुनी, मेंढीला चालंल. फेकणारच होतो." केराबाईच्या पालाशी नेऊन टाकलं. मी हात घालून बघितला, त्यात माती नाही की एक खडा नाही. आमचे हमाल भलतेच स्वच्छ झाडतात.

मग दगडीजवळ बसून राहिले. तिच्यापुढं बोट धरलं, तिनं धरलं नाही. म्हणाले, "खातीया का?" मी म्हटलं, खाते. "किती?" मी सांगितलं. "रात्रीचं कोण भरवतंय?" शेवटी मलाच म्हणावं लागलं, अहो, तागडी तिकडं टांगलीय, बघायची ना? तर, "हां हां, बघतो की," म्हणून उठले आणि न बघताच एस.टी. गाठली.

१२ मार्च

दगडीला जुलाब. दोन दिवस आणली नाही. मीच पालात जाऊन बसले, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत. मनात सारखं येतं, मी कोण ही? तीन वर्षं पाठांतर केलेली आडत्याची मुलगी. उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं आणि हे वेगळं. हिला काही झालं तर डिग्री मिळूनही मी कुठल्या पोराला हात लावणार नाही.

आप्पा रोज संध्याकाळी स्टँडवर घ्यायला येतात. एस.टी.तून उतरायच्या आत विचारतात, "कशी हाय?" आज मी बरी आहे म्हटलं. त्यावर ते "तू नव्हं," म्हणाले.

१५ मार्च

जुलाब थांबले. खाल्लं. आणि आज पहिल्यांदा दगडी रडली, भोकाड पसरून, मी वाटी बाजूला ठेवली म्हणून! केराबाई खडीवरून धावत आली. मी म्हटलं, "काही नाही, भूक लागलीय." दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

२४ मार्च

तोलणं. काढलेले तिन्ही दगड परत गेले! केराबाईनं कपचीसुद्धा शोधून ठेवली होती, पदराच्या गाठीत. तीही गेली. पारडं सारखं. कुणीतरी माळावर हाळी दिली आणि सगळ्या बायांनी हातोडे दगडांवर आपटले, ताशासारखे. मुकादम धावत आला, संप झाला की काय म्हणून.

४ एप्रिल

पाडवा. मेंढी व्याली. आप्पांना सांगितलं तर त्यांनी आईला पुरणाचा घास बाजूला काढायला लावला, मेंढीसाठी. आई म्हणाली, यांना ऊन लागलंय.

२७ एप्रिल

परीक्षा झाली. सगळं लिहून ठेवते.

पुण्याहून परीक्षक बाई आल्या. पांढरी साडी, काळा चष्मा, चेहऱ्यावर सुरकुती नाही. म्हणाल्या, "प्रत्यक्ष वजन करून दाखवा." मी म्हटलं, "त्यांच्या आयांना विचारावं लागेल." भुवया वर गेल्या. येमूलबाई मागं उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या.

केराबाई स्वतः पुढं आली. दगडीला पारड्यात बसवलं. बसवलं, निजवलं नाही! दुसऱ्यात गाठोडं ओतलं. दगडीचं पारडं खाली. केराबाईनं एक दगड घातला, तरी खालीच. दुसरा घातला. परीक्षक बाईंनी विचारलं, "म्हणजे आधीचं वजन किती होतं, आता किती?" मी तोंड उघडायच्या आत केराबाई म्हणाली, "आकडा बोलायचा न्हाय हितं. डोळ्यानं बगा की. माघमासात तीन दगड कमी झालती. आता दोन वाढलीती."

मी तक्ता पुढं केला, त्यात किलोतले आकडे होते, आणि ते कसे घेतले तेही सांगितलं. बाई तक्त्याकडं बघत होत्या, तेवढ्यात दगडीनं पारडी जवळ आल्याचा मोका साधला. वाकून पलीकडचा एक दगड उचलला आणि सरळ परीक्षक बाईंच्या पायावर फेकला!

मी दगड उचलायला वाकले. बाईंनी चष्मा काढला. आणि खदाखदा हसल्या. "नेम चांगला आहे," म्हणाल्या. "या वयाला हे यायला पाहिजे का, दाक्षायणी?"

मी म्हटलं, "बसणं, पकडणं यायला पाहिजे. परीक्षकांना मारणं अभ्यासक्रमात नाही."

येमूलबाईंनी डोळे मिटून घेतले. पण परत जाताना जीपमध्ये त्यांनी माझा हात धरला आणि सात रस्ता येईपर्यंत सोडला नाही. एक शब्द बोलल्या नाहीत. येमूलबाई!

१० मे

परीक्षा संपली तरी रोज जाते. नवी बाई नेमेपर्यंत जाते, असं घरी सांगितलंय. नवी बाई नेमा म्हणून अजून कुणाला सांगितलेलं नाही. विजापूरच्यांना आप्पांनीच नकार कळवला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांची पेंड भेसळीची हाय."

८ जून

निकाल लागला. पहिला वर्ग, आणि वर्गात पहिली! आप्पांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "पोरं सांभाळायची डिग्री हाय. लई अवघड असतीया." मी आतून ऐकत होते. हसू आवरेना.

आप्पा पेढे घेऊन माझ्याबरोबर माळावर आले. तिथं पालं मोडत होती. तिकडं पाणी झालं, हिरवं दिसायला लागलं, म्हणून केराबाईचं बिऱ्हाड मंगळवेढ्याकडं निघालेलं. गाढवावर भांडी आणि गोधड्या, मागं मेंढी, तिचं कोकरू. दगडी बापाच्या खांद्यावर बसून त्याचं पागोटं उसकटत होती. आप्पांनी बोट पुढं केलं. तिनं ते धरलं आणि सरळ तोंडात घालून चावलं. "आई गं! दात आलेत की!" आप्पा ओरडले. डोळे पुसत होते, एवढं लागलं असेल असं वाटलं नव्हतं.

केराबाईच्या डोक्यावर निळ्या चिंधीचं गाठोडं होतं. नवरा तिच्यावर चिडलेला. मला म्हणाला, "बाई, तुमी तरी सांगा हिला. दोन दीसाची वाट हाय. दगडं डोक्यावर घिऊन चाललीया. आमच्या गावाकडं काय दगडं कमी हायती व्हय?"

केराबाईनं गाठोडं नीट सावरलं. "लई हायती," ती म्हणाली. "पर ती माज्या लेकीयेवढी न्हाईती."

आणि ती पुढं चालायला लागली, मान ताठ ठेवून, एवढं ओझं घेऊनही सगळ्यांच्या पुढं.